कॅटमध्ये प्रश्न सोडायला शिका, सीईटीत एकही सोडू नका! एमबीए प्रवेश परीक्षांचं हे उलटं गणित समजून घ्या

नोव्हेंबरच्या अखेरीस कॅट आणि उन्हाळ्याच्या तोंडावर राज्याची एमबीए सीईटी. महाराष्ट्रातले अनेक विद्यार्थी एकाच वर्षात या दोन्ही परीक्षा देतात आणि त्यातले बरेच जण दोन्हींसाठी एकच अभ्यास करतात. अभ्यासक्रम पाहिला तर त्यात काही गैर वाटत नाही. शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, इंग्रजी उतारे, तर्काची कोडी हे सगळं दोन्हीकडे आहे. पण संगणकासमोर बसल्यावर या दोन परीक्षा तुमच्याकडून अगदी उलट गोष्टी मागतात. एकीत कुठला प्रश्न सोडायचा हे ज्याला कळतं तो पुढे जातो. दुसरीत एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे हातातले गुण टाकून देणं.

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण इंजिनीअरिंग करून दोन-तीन वर्षं आयटीत काढलेली, गणितात पक्की मुलं कॅटमध्ये अडकतात आणि कॅटला चांगले गुण मिळवलेली मुलं सीईटीत मागे पडतात, तेव्हा अनेकदा कारण हेच असतं. त्यामुळे पुस्तकं आणि क्लास निवडण्याआधी दोन्ही परीक्षांचा हिशेब नीट समजून घेऊ.

दोन परीक्षा, दोन घड्याळं

कॅट आयआयएम संस्था आळीपाळीने घेतात. २०२४ची परीक्षा आयआयएम कोलकाताने घेतली होती. त्या वर्षीचं स्वरूप असं होतं: १२० मिनिटं, ६८ प्रश्न, २०४ गुण. तीन विभाग. आधी इंग्रजी आकलन (२४ प्रश्न), मग डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रीझनिंग (२२) आणि शेवटी गणित (२२). प्रत्येक विभागाला ४० मिनिटं. ती संपेपर्यंत पुढचा विभाग उघडत नाही आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं. तिथे चुकलं तरी गुण कापले जात नाहीत.

राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए सीईटीचं गेल्या काही वर्षांतलं स्वरूप बघा: १५० मिनिटं, २०० प्रश्न, २०० गुण. लॉजिकल रीझनिंग ७५, अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग २५, गणित ५०, इंग्रजी ५०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. विभागांना वेगळी वेळ नाही, कुठूनही कुठेही जाता येतं.

आता भागाकार करा. कॅटमध्ये एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटं मिळतात. सीईटीत ४५ सेकंद. प्रश्न वाचून, पर्याय बघून, क्लिक करून पुढे जाईपर्यंतचा वेळ त्या ४५ सेकंदांतच आला.

प्रश्नांचा पोतही वेगळा असतो. समजा, एक गाडी पुण्याहून साताऱ्याला ताशी ४० किलोमीटरने गेली आणि ताशी ६० किलोमीटरने परत आली, तर सरासरी वेग किती? घाईत ५० हे उत्तर येतं आणि ते पर्यायांत असतंच. बरोबर उत्तर ४८. ज्याला सूत्र पाठ आहे त्याला दहा सेकंद पुरतात. हा सीईटीच्या धाटणीचा प्रश्न झाला.

आता दुसरा बघा. पुण्याहून आणि कोल्हापूरहून दोन सायकलस्वार एकाच वेळी, एकाच रस्त्याने समोरासमोर निघाले. वाटेत भेटले. भेटीनंतर पहिल्याला कोल्हापूरला पोहोचायला ४ तास लागले, दुसऱ्याला पुण्याला पोहोचायला ९ तास. तर दोघांच्या वेगाचं गुणोत्तर काय? अंतर दिलेलं नाही, वेग दिलेला नाही. उत्तर ३:२ असं येतं, पण त्यासाठी भेटीपर्यंतचा वेळ समान होता हे लक्षात घेऊन कागदावर दोन ओळी मांडाव्या लागतात. हा कॅटच्या धाटणीचा. दोन्ही प्रश्नांचा धडा एकच, काळ-काम-वेग. पण पहिल्याच्या सरावाने दुसरा आपोआप येत नाही आणि दुसऱ्याची सवय लागलेला माणूस पहिल्यावरही उगाच विचार करत बसतो.

१०० पर्सेंटाइल म्हणजे पैकीच्या पैकी?

नाही. आणि हा गैरसमज तयारीवर थेट परिणाम करतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

दहावी-बारावीची आपली सवय टक्क्यांची. ९९ टक्के म्हणजे १०० पैकी ९९ गुण. पर्सेंटाइलचा तुमच्या गुणांच्या टक्क्यांशी थेट संबंध नसतो. तुमच्या मागे किती टक्के उमेदवार आहेत, एवढंच ते सांगतं. कॅटचं सूत्र साधं आहे. एकूण उमेदवारांतून तुमचा क्रमांक वजा करायचा, त्याला एकूण उमेदवारांनी भागायचं आणि १००ने गुणायचं. येणारा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत घेतात.

२०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी कॅट दिली. म्हणजे ९९ पर्सेंटाइलचा उमेदवार साधारण २,९३०व्या क्रमांकावर असतो. ९९.९ म्हणजे २९३वा. आणि ९० पर्सेंटाइल, जे ऐकायला झकास वाटतं, त्याचा अर्थ २९ हजारांहून जास्त जण तुमच्या पुढे आहेत.

मग १०० पर्सेंटाइल एकापेक्षा जास्त जणांना कसं मिळतं? ते त्या दोन दशांश स्थळांमुळे. ९९.९९५ आणि त्यावरचं सगळं १०० म्हणून मोजलं जातं. २ लाख ९३ हजारांचा ०.००५ टक्का काढा, १४.६५ येतात. २०२४ मध्ये १०० पर्सेंटाइल मिळवणारे होते १४ जण. २०२३ मध्ये परीक्षा दिली सुमारे २ लाख ८८ हजार जणांनी, १०० पर्सेंटाइल १४ जणांना. २०२२ मध्ये २ लाख २२ हजार उमेदवार आणि १०० पर्सेंटाइल ११ जणांना. दरवर्षी बातम्यांत ‘यंदा इतके शतकवीर’ असं झळकतं, त्यामागे हा साधा भागाकार असतो. पेपर सोपा की अवघड, याचा त्या संख्येशी फारसा संबंध नाही. (निकालाच्या दिवशी आमच्या डेस्कवरही तो आकडा मथळ्यात जातो, हे मान्य.)

तयारीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अलीकडच्या वर्षांत कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइलसाठी एकूण गुणांच्या निम्मे गुणही पुरेसे ठरले आहेत. म्हणजे ज्याने अर्धा पेपर सोडवलाच नाही, तो २ लाख ९० हजार लोकांच्या पुढे असू शकतो. शाळेपासून ‘पेपर पूर्ण सोडवला का?’ हा प्रश्न ऐकत वाढलेल्यांना हे पचवायला जड जातं.

आणखी एक. कॅटचे ९९ आणि सीईटीचे ९९ यांची तुलना करू नका. पर्सेंटाइल ही तुलना त्या परीक्षेला बसलेल्यांशी असते. सीईटीला लाखाहून अधिक जण बसतात, कॅटला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि दोन्हीकडची गर्दी वेगळी. कॅटला ९२ आणि सीईटीला ९९ असा निकाल लागला तर ‘सुधारणा झाली’ असं म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे सीईटी अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल काढताना सत्रांमधला फरक विचारात घेतला जातो. त्यामुळे मित्राच्या सत्रातला पेपर सोपा होता म्हणून रात्र जागवण्यात अर्थ नाही.

कॅटमध्ये सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

दोन काल्पनिक उमेदवार घेऊ. सोयीसाठी सगळे प्रश्न पर्यायांचे आहेत असं धरू. पहिल्याने ६० प्रश्न सोडवले, त्यातले ३० बरोबर आले, ३० चुकले. गुण झाले ९० वजा ३०, म्हणजे ६०. दुसऱ्याने ३६च प्रश्नांना हात लावला, २९ बरोबर, ७ चूक. गुण ८७ वजा ७, म्हणजे ८०. दुसऱ्याने २४ प्रश्न कमी सोडवले आणि २० गुण जास्त मिळवले. पहिल्याला परीक्षेनंतर ‘पेपर भारी गेला’ असं वाटलेलं असणार, हेही तितकंच खरं.

यावर नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, अंदाजाने उत्तर ठोकावं का? गणिताने बघा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर सरासरी चारांतून एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो. हिशेब शून्य. म्हणजे आंधळा अंदाज सरासरीने ना फायद्याचा, ना तोट्याचा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र पारडं तुमच्या बाजूला झुकतं. तरी एक गोष्ट या हिशेबात येत नाही. पेपर काढणारे पर्याय असे ठेवतात की अर्धवट विचार करणारा बरोबर चुकीच्या पर्यायावर जाऊन बसतो. वरच्या उदाहरणातला ५० आठवा. त्यामुळे ‘मला हेच वाटतंय’ असा अंदाज आंधळ्या अंदाजापेक्षाही महाग पडू शकतो. टाइप करायच्या प्रश्नात दंड नाही, पण तिथे ठोकून उत्तर बरोबर येण्याची शक्यताही नगण्य.

गुण वजा होण्याहून मोठं नुकसान वेळेचं असतं. गणिताच्या विभागात एका हट्टी प्रश्नावर सहा मिनिटं गेली की ४० पैकी १५ टक्के वेळ संपला. तो प्रश्न सुटला तरी मिळणार ३ गुण. तेवढेच ३ गुण पुढे २१व्या प्रश्नात दीड मिनिटात मिळाले असते, पण तिथपर्यंत तुम्ही पोहोचलातच नाही. इंजिनीअर मंडळींचा हा जुना आजार आहे. प्रश्न अर्धा सुटलाय, आता सोडायचा कसा? आम्हाला चार वर्षं शिकवलं जातं ते प्रोग्रॅम चालेपर्यंत उठू नका असं. कॅट नेमका त्या स्वभावावर नेम धरते.

म्हणून गणितात फेऱ्या करा. पहिल्या फेरीत सगळे २२ प्रश्न नजरेखालून घालायचे. वाचताच वाट दिसते तेवढेच सोडवायचे. ज्यांची वाट दिसते पण लांब आहे, त्यांना खूण करून ठेवायची. बाकीच्यांना नमस्कार. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. तिसरी फेरी आली तर आली.

मधला विभाग, म्हणजे डीआय-एलआर, निवडीची सगळ्यात कठोर परीक्षा घेतो. इथे सुटे प्रश्न नसतात, संच असतात. चार संघ, सहा सामने, कोणी किती गोल केले याची अर्धवट माहिती आणि त्यावर चार-पाच प्रश्न. २०२४ मध्ये असे पाच संच होते. संच फुटला तर चार-पाच प्रश्न सलग हातात येतात. नाही फुटला तर पंधरा मिनिटं आणि शून्य. चांगल्या निकालासाठी पाचही संच सोडवावे लागत नाहीत. दोन पूर्ण आणि तिसऱ्यातले एक-दोन प्रश्न झाले तरी तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे असता. त्यामुळे सुरुवातीची चार-पाच मिनिटं काहीही न सोडवता फक्त पाचही संच वाचण्यात घालवा. पहिल्या पहिल्या मॉकमध्ये हे जमत नाही, हात शिवशिवतात. शेजारी कीबोर्डचा आवाज येत असताना नुसतं वाचत बसणं सोपं नसतं. पण कोणता संच घ्यायचा हे पहिल्या पाच मिनिटांत चुकलं तर पुढच्या पस्तीस मिनिटांत ते भरून काढणं अवघड.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घ्यावी का?

धास्ती नको, पण वेळ द्यावाच लागेल. कॅटच्या इंग्रजी विभागात शब्दांचे अर्थ किंवा व्याकरणातल्या चुका सरळ विचारल्या जात नाहीत. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. उरलेल्यांत विस्कळीत वाक्यांचा क्रम लावणं, परिच्छेदाचा सारांश निवडणं, गाळलेलं वाक्य कुठे बसेल ते ओळखणं असे प्रकार. त्यामुळे शब्दसंग्रहाची जाडजूड यादी पाठ करण्यात घालवलेला महिना वाया जातो. सीईटीत मात्र व्याकरण आणि शब्दसंग्रहाचे प्रश्न येतात, तिथे ती मेहनत थोडी कामी येते.

उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, पर्यावरण, कला, अर्थशास्त्र अशा कशावरही असतात. अडचण शब्दांची कमी आणि लेखकाचं म्हणणं पकडण्याची जास्त असते. लेखक कशाच्या बाजूने बोलतोय? हे उदाहरण त्याने इथे का दिलं? हे प्रश्न मराठी अग्रलेख वाचणाऱ्यालाही ओळखीचे असतात. ती सवय असेल तर निम्मं काम झालेलं आहे. उरतो तो इंग्रजी वाचनाचा वेग, आणि तो रोज अर्धा-पाऊण तास लांब लेख वाचल्याशिवाय येत नाही. रील्सवर ‘आरसीची ट्रिक’ बघून तर नाहीच. वाचून झाल्यावर त्या लेखाचा मुद्दा मराठीतच दोन वाक्यांत स्वतःला सांगा. सांगता आला नाही तर लेख परत वाचा.

कॅट झाली, आता उलटं शिका

नोव्हेंबरअखेरीपासून सीईटीपर्यंत साधारण तीन-चार महिने मिळतात. मधे डिसेंबरात स्नॅप, जानेवारीत झॅट असते, ज्यांना सिम्बायोसिस किंवा एक्सएलआरआयसारख्या संस्था हव्यात ते त्या देतात. सीईटीवाल्यांसाठी हा काळ नवीन धडे शिकण्याचा कमी आणि सवय मोडण्याचा जास्त आहे.

जी व्यक्ती चार महिने ‘हा सोडू, तो सोडू’ करत होती, तिला आता २०० पैकी २०० खुणा करायच्या आहेत. शेवटी ६० प्रश्न कोरे राहिले आणि ते नुसते ठोकून भरले, तर चार किंवा पाच पर्यायांच्या हिशेबाने सरासरी १२ ते १५ गुण फुकट मिळतात. सीईटीत वरच्या टोकाला एकेका गुणासाठी शेकडो जण दाटीवाटीने उभे असताना हे १२-१५ गुण कुणी का सोडावेत? म्हणून शेवटची तीन-चार मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर काहीतरी क्लिक करा.

वेगाचा सराव वेगळा करावा लागतो. २० प्रश्न, १५ मिनिटं, गजर लावून. संपला वेळ की पेन खाली. लॉजिकल रीझनिंगचे ७५ प्रश्न सीईटीचा कणा आहेत. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, सांकेतिक भाषा, विधान-गृहीतक. यांचे साचे ठरलेले असतात आणि सरावाने वेळ खरोखर निम्म्यावर येतो. अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंगच्या २५ आकृत्यांना घाबरणाऱ्यांनी आपली शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा आठवावी. बुद्धिमत्ता चाचणीत चौकोनातला बाण फिरत जायचा आणि पुढची आकृती ओळखायची असायची, तेच हे, जरा मोठं झालेलं. कॅटची तयारी करणाऱ्यांनी या भागाला कधी हात लावलेला नसतो. तीन आठवडे रोज २५ आकृत्या केल्या तर सीईटीतले सगळ्यात स्वस्तात मिळणारे गुण इथलेच.

मॉक किती द्यायच्या?

क्लासच्या जाहिरातीत ६० मॉक, ८० मॉक असे आकडे असतात. आकड्यात जाऊ नका. दोन तासांच्या मॉकनंतर तीन तास ती तपासायला मिळत नसतील तर पुढची मॉक देऊन फक्त बोटांना व्यायाम होतो. तपासताना तीनच याद्या करा. येत होता पण हात लावला नाही, असे प्रश्न. हात लावायलाच नको होता, असे प्रश्न. आणि येत होता पण घाईत चुकला, असे प्रश्न. चार-पाच मॉकनंतर कुठली यादी लांब होतेय ते दिसतं. पहिली लांब असेल तर निवड कच्ची आहे, अभ्यास नाही. या टप्प्यावर नवीन पुस्तक घेणं म्हणजे पैसे आणि महिना दोन्ही घालवणं.

कॅटच्या अलीकडच्या वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. आधी त्या घड्याळ लावून सोडवा, मग विकतच्या मॉककडे वळा. विकतच्या मॉक अनेकदा मूळ पेपरपेक्षा विनाकारण अवघड असतात. विद्यार्थी घाबरला की पुढचं पॅकेज घेतो, हा त्यातला व्यवहार. आणि चौकातल्या फलकांवर एकाच टॉपरचा फोटो दोन-तीन क्लासच्या नावाखाली दिसला, तर तुमचे डोळे ठीक आहेत. एखादी टेस्ट सिरीज घेतलेला विद्यार्थीही ‘आमचा विद्यार्थी’ होतो.

नोकरी सोडून तयारी करावी?

बहुतेकांसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. कॅटमधलं गणित आठवी ते दहावीच्या पातळीचं असतं, कॅल्क्युलस येत नाही. रोज दीड-दोन तास आणि शनिवार-रविवार मॉक, असे सहा-आठ महिने नोकरी सांभाळून काढता येतात. शिवाय अनेक आयआयएम मुलाखतीच्या यादीसाठी कामाच्या अनुभवाला गुण देतात. नोकरी सोडली आणि कॅटही गेली, तर पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत त्या रिकाम्या वर्षाबद्दल विचारलं जाणारच.

आयआयएमबाबत आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्या. कॅटचा निकाल हे तिथलं पहिलं दार आहे. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना दहावी, बारावी, पदवीचे गुण, अनुभव, शाखेची विविधता हे सगळं मोजलं जातं, आणि प्रत्येक आयआयएमचं प्रमाण वेगळं. आयआयएम बेंगळुरू दहावी-बारावीच्या गुणांना चांगलंच वजन देते. इंजिनीअर उमेदवारांची गर्दी असल्याने शाखेच्या विविधतेचे गुण सहसा कला-वाणिज्यवाल्यांच्या वाट्याला जातात. संकेतस्थळांवर किमान कटऑफ दिलेला असतो, पण खरं बोलावणं त्याच्या कितीतरी वर येतं. दहावीला ६८ टक्के असतील तर ते आता बदलणार नाहीत. अशा वेळी कोणत्या संस्था आपल्या गुणपत्रिकेला कमी दंड लावतात हे अर्ज भरण्याआधी पाहिलेलं बरं. महाराष्ट्रातच दोन आयआयएम आहेत. नागपूरची २०१५ पासूनची आणि मुंबईची, जी २०२३ पर्यंत पवईची नीटी होती.

सीईटीची वाट इथे फार सरळ आहे. कॅप फेऱ्यांतून प्रवेश गुणवत्ता यादीनुसार होतो, मुलाखत नाही. दहावीत काय झालं होतं ते कुणी विचारत नाही. त्याची दुसरी बाजू म्हणजे सगळा भार एका आकड्यावर येतो. चर्चगेटचं जमनालाल बजाज, म्हणजे जेबीआयएमएस, खुल्या प्रवर्गासाठी ९९.९च्या वरच बंद होतं. त्यानंतर सिडनहॅमची सिमश्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा.

पैशांचा फरक तर डोळ्यांत भरणारा. अहमदाबाद, बेंगळुरू, कोलकाता या जुन्या आयआयएमचं दोन वर्षांचं शुल्क २५ लाखांच्या वर गेलं आहे, तर राज्यातल्या सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्थांत ते काही लाखांत भागतं. कॅपमधून प्रवेश घेतला आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राज्याच्या शुल्क सवलतीच्या योजनाही आहेत. त्यांची पात्रता महाडीबीटीच्या पोर्टलवर बघा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता किती बसेल हे कॅटच्या निकालानंतर नव्हे, आत्ताच एकदा काढून बघा. नव्या आयआयएमच्या आणि जेबीआयएमएसच्या प्रवेशात निवड करायची वेळ आली, तर हा हप्ता निर्णयात बसलेला असणार.

अर्ज भरताना कुठे फसगत होते?

प्रवर्गाच्या दाखल्यात. आणि अभ्यास कितीही झालेला असला तरी ही चूक प्रवेश घालवते.

कॅट आणि आयआयएम केंद्राच्या याद्या मानतात, सीईटी राज्याच्या. ओबीसी उमेदवाराला कॅटसाठी केंद्रीय नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, राज्याचा नेहमीचा चालत नाही. राज्यातल्या विमुक्त जाती आणि भटक्या जमातींपैकी बहुतेक केंद्राच्या ओबीसी यादीत येतात, पण आपली जात नेमकी त्या यादीत आहे का ते स्वतः तपासावं लागतं. एसईबीसी हा प्रवर्ग राज्यापुरता आहे, केंद्रात नाही. त्यामुळे मराठा समाजाच्या उमेदवाराला कॅटचा अर्ज खुल्या प्रवर्गातून किंवा निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमधून भरावा लागतो, आणि तोच उमेदवार सीईटीत एसईबीसी असू शकतो. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा लागतो, गेल्या वर्षीचा कपाटातला कामाचा नाही. कॅटचा अर्ज एकदा गेला की प्रवर्ग बदलून मिळत नाही.

सीईटीच्या कॅप फेरीत राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र मागतात. ते मुदतीत दाखवता आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि ९२ पर्सेंटाइलवर मिळणारी जागा हातची जाते. समितीकडचं काम किती दिवस चालेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे निकालानंतर अर्ज करणाऱ्यांची धावाधाव दरवर्षी ठरलेली.

कॅटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात. केंद्रीय नमुन्यातला दाखला तहसीलमधून किंवा सेतूतून काढायला जुलैतच टाका. वैधतेचा अर्ज त्याच आठवड्यात. सीईटीच्या तारखा आणि स्वरूप दरवर्षी थोडं हलतं, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि कॅपच्या कागदपत्रांचं पान आधी वाचा.